‘४३२ हर्ट्झ’ खरंच प्राचीन आहे का? देवगिरीच्या शारंगदेवांची गोष्ट

रात्री झोप लागत नाही म्हणून यूट्यूबवर ‘रिलॅक्सिंग म्युझिक’ शोधलं की काय समोर येतं, ते तुम्हाला माहीत असेलच. कृष्णाची बासरी, शिवाचं ध्यान, हिमालयातले ऋषी. गाण्याला शब्द नसतात, ताल जवळपास नसतो, एकच संथ सुरावट आठ-आठ तास चालू राहते. आणि खाली वर्णनात लिहिलेलं असतं: ४३२ हर्ट्झ, सात चक्रं जागृत करणारं, प्राचीन भारतीय ग्रंथांवर आधारित.

आता हे ‘प्राचीन ग्रंथ’ म्हणजे नेमके कोणते, हे सहसा कुणी सांगत नाही. नाद, शरीर, चक्रं आणि वाद्यं या चारही गोष्टींवर एकत्र आणि सविस्तर लिहिणारा एक ग्रंथ मात्र नक्की आहे. त्याचं नाव ‘संगीत रत्नाकर’. तो लिहिला गेला आपल्या मराठवाड्यात, देवगिरीला. जालन्याहून तिथलं अंतर पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास. ग्रंथकर्त्याचं नाव शार्ङ्गदेव, म्हणजे आपण ज्यांना शारंगदेव म्हणतो ते.

या लेखात आपण दोन गोष्टी बघू. शारंगदेव कोण होते, आणि आज ‘फ्रिक्वेन्सी’च्या नावाने जे विकलं जातं त्यातलं किती त्यांच्या ग्रंथात आहे.

काश्मीरहून देवगिरीला

शारंगदेवांचं घराणं मूळचं काश्मीरचं. त्यांचे आजोबा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेत आले. त्या काळी विद्वान माणसं आश्रय शोधत दूरदूर जायची, आणि दख्खनमध्ये यादवांची सत्ता वाढत होती. यादव राजा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली. शारंगदेवांचे वडील सोढल हे भिल्लमाच्या आणि पुढे सिंघणाच्या पदरी होते. आपल्याबद्दलची ही माहिती शारंगदेवांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच दिली आहे, म्हणून ती आपल्याला कळते. त्यांची जन्मतारीख किंवा मृत्यूची तारीख मात्र नोंदलेली नाही.

सिंघणाची कारकीर्द साधारण १२१० ते १२४७. यादवांच्या राज्याचा हा सर्वांत भरभराटीचा काळ. आजचा जालना जिल्हा तेव्हा या राजधानीच्या अगदी शेजारचा मुलूख होता. (जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्याआधी त्याचा बराचसा भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता.) भोकरदन तालुक्यातल्या अन्वा गावचं कोरीव मंदिर बघितलंत तर त्या शतकांतल्या कारागिरांचा हात किती बारीक होता ते कळेल. गणितात हा मुलूख मागे नव्हता. ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याच्या मठाला १२०७ मध्ये दान मिळालं. म्हणजे मोजणं, हिशेब करणं आणि पडताळून बघणं याला मान असलेल्या वातावरणात शारंगदेव वाढले.

हिशेबनीस, वैद्य आणि वीणा

शारंगदेवांची नोकरी संगीताची नव्हती. ते राज्याच्या ‘श्रीकरण’ खात्याचे प्रमुख होते. आजच्या भाषेत सांगायचं तर मुख्य हिशेबनीस. राज्यातला जमाखर्च त्यांच्या नजरेखालून जायचा.

दुसरी बाजू वैद्यकाची. आपण विद्वानांना धन दिलं, जिज्ञासूंना विद्या दिली आणि आजाऱ्यांना औषध दिलं, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःबद्दल लिहिलंय. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

तिसरी बाजू संगीताची. ‘निःशंक’ हे त्यांचं बिरुद होतं, म्हणजे मनात शंका न ठेवणारा. ‘निःशंक वीणा’ नावाचं एक वाद्यही त्यांनी स्वतः योजलं आणि त्याचं वर्णन ग्रंथात दिलं. याशिवाय ‘अध्यात्मविवेक’ नावाचा आणखी एक ग्रंथ त्यांनी लिहिला होता. तो आज उपलब्ध नाही, पण शरीर आणि आत्मा यांच्याबद्दल अधिक त्यात वाचा, असं ते ‘रत्नाकरा’त सांगतात.

सात अध्यायांचं मॅन्युअल

‘संगीत रत्नाकर’ संस्कृतमध्ये आहे आणि त्याचे सात अध्याय आहेत: स्वर, राग, प्रकीर्णक (गायकाचे गुणदोष, आलाप वगैरे), प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. गायन, वादन आणि नृत्य या तिघांना मिळून संगीत म्हणायचं, ही व्याख्या आपण शाळेत शिकतो ती याच ग्रंथातली. त्यात २६४ रागांची नोंद आहे.

ग्रंथाची पद्धत हिशेबनिसाला शोभेल अशी आहे. आधीच्या आचार्यांनी काय म्हटलंय ते गोळा करायचं, मतभेद असतील तर मांडायचे, वर्गीकरण करायचं, मापं द्यायची. सहावा अध्याय म्हणजे तर वाद्यांचं तांत्रिक मॅन्युअलच. तारेची वाद्यं, फुंकीची वाद्यं, चामड्याची वाद्यं आणि टाळ-घंटेसारखी घन वाद्यं असे चार वर्ग करून, कुठलं लाकूड, किती लांबी, किती जाडी, भोकं कुठे पाडायची हे सगळं त्यात येतं.

शरीरात नाद कसा तयार होतो?

आता आजच्या व्हिडिओंशी थेट संबंध असलेल्या भागाकडे येऊ. शारंगदेव स्वरांची चर्चा शरीरापासून सुरू करतात. गर्भ कसा वाढतो, अवयव कोणते, नाड्या कोणत्या, असं वैद्याच्या नजरेने सांगत ते नादापर्यंत पोहोचतात.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. बोलायची किंवा गायची इच्छा झाली की आत्मा मनाला प्रेरणा देतो. मन शरीरातल्या अग्नीला धक्का देतं, अग्नी वायूला ढकलतो, आणि ब्रह्मग्रंथीतला हा वायू वर चढताना नाभी, हृदय, कंठ, मस्तक आणि मुख इथे नाद उमटवतो. हृदयात उमटतो तो मंद्र, कंठात मध्य, मस्तकात तार. आणि यातला प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट उंचीचा.

इथे जरा थांबा. ‘दुप्पट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आज आपण म्हणतो की वरच्या सप्तकातला ‘सा’ खालच्या ‘सा’च्या दुप्पट कंपनसंख्येचा असतो. कंपनं मोजायचं यंत्र नसतानाही हे नातं त्यांना माहीत होतं, कारण तारेच्या लांबीवरून ते दिसतं. तार बरोबर मध्ये दाबली की तोच स्वर वरच्या सप्तकात वाजतो.

चक्रंही ग्रंथात आहेत. पण सात नाहीत, दहा आहेत. आधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्धी, आज्ञा ही ओळखीची नावं आहेतच, शिवाय ललना, मनस्, सोम आणि शेवटी सहस्रपत्र. यातल्या काही चक्रांच्या ठरावीक पाकळ्या गाण्याला अनुकूल आणि काही प्रतिकूल, असंही ते सांगतात. प्रत्येक चक्राला इंद्रधनुष्यातला एक रंग आणि एक ठरावीक फ्रिक्वेन्सी, हे कोष्टक मात्र तिथे नाही.

आणखी एक फरक. नादाचे ते दोन प्रकार करतात: आघाताशिवायचा ‘अनाहत’ आणि आघाताने निर्माण होणारा ‘आहत’. अनाहत नाद योग्यांच्या ध्यानाचा विषय, त्यात रंजन नाही. लोकांचं मन रमवतो तो आहत नाद, आणि ग्रंथ आहे तो याच नादाबद्दल. स्पीकरमधून येणारा कुठलाही आवाज आहतच असणार, कारण पडदा हलल्याशिवाय तो निघतच नाही. तेव्हा ‘अनाहत नाद, आठ तास’ असं नाव दिलेला व्हिडिओ शारंगदेवांच्या व्याख्येत बसत नाही.

बावीस तारांचा प्रयोग

शारंगदेवांचं सर्वांत तांत्रिक काम हे. सप्तकात २२ श्रुती असतात, असं आपण ऐकतो. हृदयाजवळ २२ नाड्या आहेत म्हणून श्रुती २२, असं ते आधी सांगतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. कानाने खात्री करून घेता यावी म्हणून दोन वीणांवरचा प्रयोग देतात. असा प्रयोग भरताच्या नाट्यशास्त्रातही आहे, शारंगदेवांनी तो प्रत्येक वीणेला २२ तारा लावून मांडला.

पहिली तार शक्य तितकी खालच्या सुरात लावायची. दुसरी तिच्यापेक्षा किंचित वर, इतकी किंचित की दोघींच्या मध्ये तिसरा वेगळा आवाज बसू नये. असं करत २२ तारा. मग चौथ्या तारेवर सा, सातव्या तारेवर रे, नवव्या तारेवर ग, तेराव्या तारेवर म, सतराव्या तारेवर प, विसाव्या तारेवर ध आणि बाविसाव्या तारेवर नि.

दोन्ही वीणा एकसारख्या लावायच्या. एक ‘ध्रुव’, म्हणजे तिला हात लावायचा नाही. दुसरी ‘चल’, तिच्या सगळ्या तारा एकेक श्रुतीने उतरवत जायच्या. दोनदा उतरवल्यावर चल वीणेचे ग आणि नि हे ध्रुव वीणेच्या रे आणि ध शी जुळतात. तिसऱ्यांदा उतरवल्यावर रे आणि ध हे सा आणि प शी जुळतात. चौथ्यांदा सा, म, प हे नि, ग, म शी जुळतात. म्हणजे कुठले स्वर दोन श्रुतींचे, कुठले तीन आणि कुठले चार, हे कानाला आपोआप कळतं.

आजच्या भाषेत हे कॅलिब्रेशन झालं. एक संदर्भ पक्का ठेवायचा आणि दुसरा सरकवत त्याच्याशी ताडून बघायचा. या २२ श्रुती सारख्या अंतराच्या होत्या का, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहेत. पण एका गोष्टीवर वाद नाही: संपूर्ण प्रयोगात एकही ठरावीक उंचीचा आवाज सांगितलेला नाही. पहिली तार तुमच्या वीणेला जमेल तिथे लावा. महत्त्व आहे ते तिथून पुढच्या अंतरांना.

बासरीला देवांची नावं का?

पुराणकथांवर आधारित वाद्यसंगीत आज यूट्यूबवर भरपूर आहे. शारंगदेवांनी पुराणातली नावं वापरली, पण कशासाठी ते बघा.

बासरीत फुंकायचं भोक आणि त्याच्या जवळचं पहिलं बोटाचं भोक यांच्यातल्या अंतरावरून त्यांनी बासऱ्यांचे प्रकार केले. अंतर मोजायचं अंगुळांत. एक अंगुळ अंतर असेल तर ‘एकवीर’. तीन असेल तर ‘त्रिपुरुष’. चार असेल तर ‘चतुर्मुख’, कारण ब्रह्मदेवाला चार मुखं. पाच असेल तर ‘पंचवक्त्र’, म्हणजे शिव. सहाला ‘षण्मुख’, म्हणजे कार्तिकेय. सात म्हटलं की सप्तर्षी, म्हणून ‘मुनी’. आठला ‘वसू’, नऊला ‘नाथेंद्र’, अकराला ‘रुद्र’, बाराला ‘आदित्य’, चौदाला ‘मनू’. सोळाला ‘कलानिधी’, कारण चंद्राच्या कला सोळा.

ही काही नुसती भक्ती नाही. जुन्या गणितात आणि ज्योतिषात आकड्यांऐवजी असे शब्द वापरायची पद्धत होती, तिला भूतसंख्या म्हणतात. ‘रुद्र’ म्हटलं की कारागिराला अकरा कळायचं, आणि श्लोक पाठ असला की माप विसरायचा प्रश्न नव्हता. भौतिकशास्त्र सोपं आहे. फुंकीच्या भोकापासून उघड्या भोकापर्यंत हवेचा स्तंभ जितका लांब, तितका आवाज खालचा. म्हणून ‘आदित्य’ बासरी ‘वसू’पेक्षा खालच्या सुरात वाजणार. पुराणकथा इथे मॉडेल नंबरचं काम करते.

स्वरांच्या बाबतीतही असंच. सा मोराच्या आवाजासारखा, रे चातकासारखा, ग बोकडासारखा, म क्रौंच पक्ष्यासारखा, प कोकिळेसारखा, ध बेडकासारखा आणि नि हत्तीसारखा, अशी जोडणी ग्रंथात आहे. प्रत्येक स्वराला देवता, ऋषी आणि रसही आहेत. कुठला स्वर किंवा राग कुठल्या आजारावर, अशी यादी मात्र नाही.

मग ४३२ हर्ट्झ आलं कुठून?

हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. हे एकक जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक हर्ट्झ यांच्या नावाचं, आणि ते शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकातले. सिंघणाच्या काळात वेळ मोजायचे घटिका आणि पळांत. घटिका म्हणजे २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद. एका सेकंदात तार किती वेळा हलते, हे मोजायचं साधन कुणाकडेच नव्हतं. तेव्हा तेराव्या शतकातल्या ग्रंथात ४३२ हर्ट्झ असण्याचा प्रश्नच येत नाही.

पाश्चात्त्य वाद्यवृंदांना एकत्र वाजवता यावं म्हणून ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला लावायचं १९३९ च्या लंडन परिषदेत ठरलं. पुढे १९५५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचं रूप आलं. ४३२ चा आग्रह या मानकाच्या विरोधातून वाढला. सात चक्रं, सात रंग आणि सात स्वर यांची जोडी अमेरिकेतल्या न्यू एज संगीतातून घराघरांत गेली. स्टीव्हन हॅल्पर्न यांचा १९७५ च्या सुमाराचा ‘स्पेक्ट्रम सूट’ हे त्याचं ठळक उदाहरण.

आता हिशेब करू. ४४० आणि ४३२ मधला फरक साधारण ३२ सेंट, म्हणजे जवळपास एक तृतीयांश अर्धस्वर. सप्तकाचे १२०० सेंट २२ श्रुतींत सारखे वाटले तर एक श्रुती साधारण ५४ सेंटची होते. म्हणजे ज्या फरकावर एवढा गाजावाजा चाललाय, तो एका सरासरी श्रुतीहूनही लहान आहे. ४४० ला रेकॉर्ड केलेला कुठलाही ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये १.८ टक्क्यांनी उतरवला की झाला ‘४३२ हर्ट्झ’. आणि सगळं गाणं एकाच प्रमाणात उतरवलं की स्वरांमधली नाती तशीच राहतात. शारंगदेवांच्या हिशेबाने काहीच बदललं नाही.

शारंगदेवांनंतर

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढच्या काही वर्षांत यादवांचं राज्य संपलं आणि मुहंमद तुघलकाच्या काळात देवगिरीचं दौलताबाद झालं. देवगिरीचा गायक गोपाल नायक दिल्लीला गेला, आणि अमीर खुसरोने सिंहासनाखाली लपून त्याचं गाणं ऐकून जसंच्या तसं म्हणून दाखवलं, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, दरबार विखुरला हे खरं.

ग्रंथ मात्र टिकला. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने आणि पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिल्या. उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडचे संगीतकार त्याला आपला मानतात. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९६-९७ मध्ये मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्या संपादनाखाली छापला. पंडित भातखंडे यांनी तो बारकाईने अभ्यासला, आणि त्यातले राग आजच्या रागांशी जसेच्या तसे जुळवता येत नाहीत, हे स्पष्टपणे मांडलं. ग. ह. तारळेकर यांच्यामुळे तो मराठीतही आला आहे.

तर मग ऐकायचं की नाही?

जरूर ऐका. संथ लय, एकसारखा षड्ज, कमी आवाज आणि अचानक काही न दचकवणारं संगीत मन शांत करायला मदत करतं. शस्त्रक्रियेआधीच्या भीतीबद्दलच्या प्रयोगांचा २०१३ मध्ये कोक्रेनने आढावा घेतला, त्यातही संगीत ऐकल्याने चिंता कमी व्हायला मदत होऊ शकते असं दिसलं. त्यासाठी ठरावीक हर्ट्झची गरज नाही.

शारंगदेवांचं म्हणणं स्वतः पडताळून बघायचं असेल तर फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप आणि एक ट्यूनर अ‍ॅप घ्या. सा २४० हर्ट्झला लावा. वरचा सा ४८० ला मिळेल आणि शुद्ध पंचम ३६० ला. आता सा २२० ला न्या. वरचा सा ४४० आणि पंचम ३३० होईल. आकडे बदलले, पण दुप्पट आणि दीडपट ही नाती तीच राहिली. डोळे मिटून दोन्ही वेळा पाच-पाच मिनिटं ऐका आणि तुमच्या गळ्याला जी पट्टी जवळची वाटते ती ठेवा.

फक्त बीपीची, शुगरची किंवा झोपेची चालू असलेली गोळी ‘हीलिंग फ्रिक्वेन्सी’च्या भरवशावर बंद करू नका. झोप आठवड्यांमागून आठवडे येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. नादाला शारंगदेवांनी मोक्षाच्या वाटेपर्यंत मान दिला. पण दारात आजारी माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला औषधच दिलं, आणि तशी नोंद आपल्या ग्रंथात करून ठेवली.